टाकळवाडीचं गाळलेलं पाणी

४ एप्रिल १९४५

पोचलो एकदाचा. तिसगावपासून बैलगाडीनं हाडं खिळखिळी केली. गाडीवानानं विचारलं, "तुमी कशाचं डाक्टर?" म्हटलं, नारूचा. त्यानं हसत धोतर वर करून पोटरीवरचे वण दाखवले. "मंग आमच्या टाकळवाडीत तुमाला काय कमी न्हाई."

नवी वही आहे, तर काम नीट मांडून ठेवतो. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांबलचक किडा. माणूस तो पाण्यातून गिळतो आणि वर्षभरानं तो पायावर फोड आणून बाहेर डोकावतो. तो पाय पाण्यात गेला की किडा तिथं पिलं सोडतो, आणि तेच पाणी गाव पितं. औषध नाही. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, एवढाच इलाज. इथं पाण्याला एकच पायऱ्यांची बारव आहे. बाया गुडघाभर पाण्यात उतरून घागरी भरतात. पायऱ्या बंद करून वर राहाट बसवला तर नारू जाईल, हे पुण्याच्या आमच्या साहेबांना कळतं. पण लढाईचे दिवस, सिमेंट नाही की लोखंड नाही. म्हणून हा बिनखर्चाचा प्रयोग माझ्या गळ्यात: पाणी दुहेरी कापडातून गाळायचं आणि नारूवाल्याला बारवेत उतरू द्यायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात नारू घटला तर टाकळवाडीला राहाट मिळेल, आणि इतर गावांतही हीच पद्धत सुरू होईल. नाही घटला तर माझं वर्ष फुकट आणि गावाचं नशीब आहे तसंच.

मुक्ताबाई नावाच्या विधवा बाईंच्या ओसरीवर माझी पथारी. मुलगा सहादेव श्रीरामपूरकडे साखर कारखान्यावर असतो. सून बनुबाई, दिवस गेलेली. ती माझ्याशी सरळ बोलत नाही, सासूच्या मार्फत बोलते. मी समोर पाटावर बसलेला, आणि ही चुलीपाशी पदर सावरून म्हणते, "आत्याबाई, त्यांस्नी इचारा, नगरच्या बामनाला बाजरीची भाकर पचंल का." मीही सासूलाच म्हटलं, "मुक्ताबाई, सांगा तिला, दगड आणा, दगडही पचवतो." आत खुदकन हसल्याचा आवाज आला.

१६ एप्रिल

मांजरपाटाचा तागा शेवटी आला. त्यासाठी नगरच्या कचेरीत किती जोडे झिजवले ते माझं मला माहीत! रेशनवर माणसाला अंगभर कापड मिळत नाही, आणि मी हंड्यांना बांधायला तागा मागतो, म्हणून तिथला कारकून मी वेडा असल्यासारखा बघत होता. चोरी नको म्हणून प्रत्येक फडक्यावर खात्याचा निळा शिक्का मारून घेतला. घरटी दोन फडकी, एक अंगावर एक दांडीवर.

वाटप चावडीपुढे केलं. बाया एवढ्या आदरानं फडकी घेत होत्या की मला वाटलं, माझं भाषण मनावर घेतलं. बनुबाईनं तर आपलं फडकं गालाला लावून पाहिलं. मी ओरडलो, "अगं बाई, ते हंड्याला बांधायचंय, गालाला नाही!" सगळ्या हसल्या. ती हसली नाही. घडी घालून पदराखाली धरून घरी गेली.

संध्याकाळी मुक्ताबाई सहज म्हणाल्या, आदल्या सालच्या थंडीत बनुबाईचं पहिलं लेकरू गेलं. गुंडाळायला धड धडुतं नव्हतं. मी म्हटलं, वाईट झालं. आणि मग गाळण्याचं महत्त्व पुन्हा एकदा समजावून सांगितलं.

९ मे

जर्मनी शरण आली. पाटलांनी साखर वाटली, कुठून आणली देव जाणे.

कामात मात्र वैताग. नारू लोंबकळत असलेले पाय तसेच बारवेत! आज सकाळी एका म्हातारीला पायरीवरच अडवलं. ती म्हणाली, "मी न्हाई उतरले तर पानी काय तू आनशील?" डोकं फिरलं. मच्छिंद्र पाटलांकडे गेलो. पाटील म्हणाले, "डाक्टरसायेब, सांगून ऐकनारी मानसं न्हाईत ही. ज्या घरचा नारूवाला पाय बारवंत दिसंल, त्या घराचं पानी बंद. देतो दवंडी." मी खूश होऊन त्यांचा हातच हातात घेतला. याला म्हणतात माणूस! दुपारीच दवंडी झाली.

१७ मे

दवंडीचा गुण बघा. गेल्या आठवड्यात माझ्या ओसरीपुढे लंगडणाऱ्यांची रांग लागायची, आज एकच म्हातारा आला, तोही एकटा राहणारा. बारवेवर दिवसभर बसलो, एकही नारूवाला पाय दिसला नाही. बाया म्हणे आता पहाटे उजाडायच्या आत पाणी भरतात, उन्हाचा त्रास नको म्हणून. चांगली सवय आहे.

१ जून

घरोघर फडकी तपासली. अगदी मनासारखं! प्रत्येक घरी फडकं हंड्यावर घट्ट बांधलेलं, ओलं, नुकतं वापरलेलं. एकच दोष सापडला. चार-पाच घरी फडक्याच्या कोपऱ्याला जळकं भोक होतं, अगदी आमच्या घरच्या फडक्याला आहे तसंच. चुलीजवळ वाळत घालतात वाटतं. पुढच्या खेपेला सांगायला हवं.

परत आलो तर बनुबाई दाराशी धापा टाकत बसलेली. आठवा महिना आणि ही एवढी दमली कशानं, विचारलं. आज पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलली. म्हणाली, "तुमीच गावभर हिंडिवलं की, दादा." मी हिंडलो आणि दमली ही! गंमतच आहे या पोरीची.

२९ जुलै

बनुबाईला मुलगा झाला. सहादेव चार दिवस येऊन गेला. बारशाला मला पाहुण्यासारखं वर बसवलं. नाव ठेवलं गोरक्ष. अंगात पिवळंधमक अंगडं, डोक्याला त्याच कापडाची कुंची. हळदीत रंगवली म्हणे. टाके इतके बारीक की मी मोठ्यानं कौतुक केलं. बनुबाईनं लेकरू पटकन पदराखाली घेतलं. दृष्ट लागेल म्हणून असेल.

या वर्षी गावात जन्मलेली सगळीच पोरं पिवळ्या अंगड्यांत आहेत. पाटलांनी मिळवलं असावं कुठून तरी कापड. त्या माणसाचे हात लांब आहेत.

२३ डिसेंबर

कडाका पडलाय. बोटं वळत नाहीत म्हणून वही लिहिली नाही. लढाई संपून महिने झाले, पण कापडाची ओरड तीच. बनुबाई दुपारी ओसरीच्या उन्हात लेकराला मांडीवर घेऊन बसते. आज स्वतःहून म्हणाली, "दादा, ह्यो न्हाई जायचा थंडीनं." मी म्हटलं, अगं, जाईल कशाला? डॉक्टर घरात आहे! तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याचं श्रेय खरोखरच माझं आहे. मला बरंच वाटलं, खोटं कशाला लिहू.

१४ मार्च १९४६

नारूचा हंगाम सुरू झाला आणि माझ्याकडे येणारं कुणी नाही! गेल्या साली याच दिवसांत गाव लंगडत होतं, असं पाटीलच सांगतात. आकडे साहेबांना कळवले. मला रात्री झोप लागत नाही इतका आनंद झालाय. दोन वार कापड आणि एक दवंडी! लोक उगाच लाखांच्या योजना करतात.

२ एप्रिल

साहेबांचं पत्र आलं, स्वतः पाहायला येणार. मुक्ताबाईंचं घर शेणानं सारवून लख्ख. बनुबाई जरा पाय ओढत चालते. विचारलं तर म्हणाली, "काटा मोडलाय, दादा." म्हटलं, दाखव. तर म्हणते, "धनी न्हाईत घरी, पाय कसा दावू?" मी चिडवलं, "मी डॉक्टर आहे, बाई, गावगुंड नाही." ती हसली, पण पाय लुगड्याखाली ओढून घेतला. म्हटलं, राहू दे. उगाच तिला संकोच नको.

९ एप्रिल

साहेब येऊन गेले. सोबत आणखी दोघं. आंघोळ, चहा, जेवण सगळं आमच्याकडे. पाण्याचे हंडे भरून भरून बनुबाईचा पिट्टा पडला, मुक्ताबाईंना तर पायऱ्या उतरवत नाहीत. साहेबांनी चावडीवर आलेल्यांचे उघडे पाय बघितले, एकही नारू नाही. माझ्या पाठीवर थाप मारली. "राहाट आला समजा." पाटलांच्या डोळ्यांत पाणी. आईला पत्र लिहायला हवं.

१७ एप्रिल

सकाळी मुक्ताबाईंनी हाक मारली. बनुबाईला घास चावता येत नव्हता. तोंड उघडेना. मुक्ताबाई म्हणाल्या, बाहेरचं काही असंल, अंगारा लावते. मी पुढे होऊन तिचा जबडा चाचपला. दातखीळ.

लुगडं वर केलं. घोट्यावर चिंधीची गाठ. आत शेणाचा सुकलेला लेप, आणि त्याखाली नारू, अर्ध्यातून तुटलेला. ओढून काढायची घाई केलेली. साहेब यायच्या आधी काढायचा होता. पाय सुजून तट्ट झालेला. धनुर्वात झालाय. सीरम नगरशिवाय कुठे नाही. आत्ता गाडी जुंपली आहे.

२० एप्रिल

लिहवत नाही, पण लिहितो.

तिसगावपर्यंत बैलगाडीत मी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. चाक दगडावर चढलं की तिचं सगळं अंग धनुष्यासारखं ताणायचं. मी गाडीवानाला शिव्या देत होतो, हळू चालव म्हणून, आणि मग लगेच, अरे जोरात हाक म्हणून. शुद्धीवर होती ती. धनुर्वाताचं हेच वाईट, माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. आवळलेल्या दातांतून म्हणाली, "पाटलाला नका सांगू, दादा." मला आधी कळेचना काय सांगू नका. पुन्हा म्हणाली, "आत्याबाईंचं पानी बंद करतील."

मी म्हटलं, नाही करणार, माझी आई, कुणी पाणी बंद नाही करणार.

तिसगावला मोटार नव्हती. दुपारनंतर मिळाली. नगरला सीरम दिलं, पण उशीर झाला होता. काल सकाळी गेली. सहादेव रात्री पोचला, तोवर सगळं आटोपलं होतं.

२२ एप्रिल

टाकळवाडीला आलो. मुक्ताबाई लेकराला घेऊन बसल्या होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, मी याच घरात झोपतो! मला का नाही दाखवला पाय?" माझा आवाज चढला. कुणावर चढत होता कोण जाणे.

त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "कशी दावंल? सहादेव कारखान्यावर. मला पायऱ्या उतरवत न्हाईत. तिचा पाय दिसला असता तर घराचं पानी बंद. लेकराला काय, तुमच्या आंघुळीला काय? समदंच गाव पहाटं पानी भरतंय, डाक्टर. उजाडल्यावर पाय दिसतात."

त्यांच्या मांडीवरचं पोर हात हलवत होतं. कुंची डोक्यावरून घसरली आणि आतली बाजू वर आली. हळद फिकी झालेल्या जागी निळा शिक्का. माझाच.

"फडकी?" मी विचारलं.

"एकाचं अंगडं-कुंची केली. दुसरं तुमच्या हंड्याला हुतं. तुमचं पानी कायम गाळूनच दिलं तिनं, म्हनायची, दादाला फसवायचं न्हाई. घरोघरी बायांनी हेच केलं, काही घरी तर दाखवायला एकबी फडकं उरलं नव्हतं. तुमी तपासायला निघालात की आमच्या घरचं फडकं घेऊन ती मागल्या बाजूनं पुढं पळायची, प्वाटुशी असताना."

ते जळकं भोक! मी ते वहीत लिहून ठेवलंय. मी वाचलं ते पान.

२६ एप्रिल

चावडीवर जाऊन सांगितलं, कुणाचंही पाणी बंद होणार नाही, दवंडी मोडली. पाटलांनी मान खाली घालून होकार दिला. मग पाय बाहेर आले. दिवसभर येत होते. चिंध्या, पाला, शेण, आणि खाली नारू. गेल्या सालापेक्षा एकही कमी नाही. कदाचित जास्तच. पहाटेच्या अंधारात सगळे पाय त्या पाण्यात गेले, आणि ते मी घालायला लावले.

बनुबाईचा नारू गेल्या उन्हाळ्यातल्या पाण्यातला. कापड तिच्या हंड्याला असतं तर कदाचित तो निघाला नसता. पण नारूनं माणूस सहसा मरत नाही. तिला मारलं लपवण्यानं. आणि लपवायला लावलं मी. पाटलांनी नाही, त्यांच्यावर ढकलणार नाही. त्यांचा हात हातात घेणारा मीच होतो.

४ मे

साहेबांचं पत्र. राहाट मंजूर. माझ्या आकड्यांवर सही करून पाठवा, म्हणजे सामान निघेल. शिवाय पुढच्या सालापासून ही पद्धत, दवंडी आणि पाणी बंद धरून, आणखी गावांत लावणार.

पाटील आले, ओसरीवर बसले. "डाक्टर, बाई गेली ती गेली. आता राहाट तरी येऊ द्या. सही करा, मागनं खरं लिवा. गावासाठी म्हनतो." बरोबर बोलत होते. मी सही केली तर टाकळवाडीच्या बायांना पाण्यात उतरावं लागणार नाही. आणि प्रत्येक नव्या गावात कुणीतरी बनुबाई पाय लुगड्याखाली ओढून घेईल.

मुक्ताबाईंना विचारलं, काय करू? त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय, बाबा. मला ती आठवती." आणि आत गेल्या.

५ मे

खरं लिहून पाठवलं. नारू घटला नाही, लोकांनी लपवला. धाकानं रोग जात नाही, आत दडतो. ज्या घरात अंगावर कापड नाही, तिथं हंड्यावर कापड टिकणार नाही. आधी पायऱ्या बंद करा, राहाट द्या, मग उपदेश करा. आणि तरीही टाकळवाडीला राहाट द्या, अशी हात जोडून विनंती केली.

पाटील माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

३० मे

सहादेव कारखान्यावर परत गेला नाही. रोज सकाळी बारवेच्या पायऱ्यांवर एकटाच दगड रचतो. दुपारी बाया ते दगड बाजूला करून पाण्यात उतरतात. उतरतील नाही तर काय करतील? तो भांडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा रचतो. मी एकदा दगड उचलायला गेलो, तर म्हणाला, "राहू द्या." तेवढंच.

११ जून

उत्तर आलं. प्रयोग अयशस्वी, काम बंद, टाकळवाडीचा राहाट रद्द, मी नगरला परत. पद्धत इतर गावांत लावणार नाहीत, असंही एक वाक्य आहे. ते वाक्य मी परत परत वाचलं.

सामान बांधून ओसरीवर आलो, तर माझ्या हंड्यावर फडकं बांधलेलं. पिवळसर. मधोमध निळा शिक्का, कडेनं सुईची भोकं. मुक्ताबाईंनी कुंची आणि अंगडं उसवलं होतं. पोर उघडंच त्यांच्या कडेवर.

"हे काय केलंत?"

"जाताना गाळलेलं पानी द्यावं म्हनलं. तुमच्या हंड्याचं फडकं पार विरलं. आन सरकारी कापड हाय, सरकारला परत."

मी फडकं सोडलं. म्हटलं, सुई-दोरा द्या. त्या म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांना दोरा ववत न्हाई. ती शिवायची." म्हटलं, मी शिवतो. ओसरीवर बसलो. मला एकच टाका येतो, जखमेचा. तोच घातला, तिच्याच भोकांतून, आधी अंगडं, मग कुंची. वेडीवाकडी झाली कुंची. गोरक्षला घातली, त्यानं ती ओढून तोंडात घातली. तेव्हा कुठे मला रडू आलं.

गाडी उभी होती. उन्हानं घसा कोरडा पडला होता. पाणी मागितलं. मुक्ताबाई तांब्या घेऊन कापडासाठी इकडेतिकडे बघायला लागल्या. घरात दुसरं कापड नव्हतं, दोघांनाही ते ठाऊक होतं.

म्हटलं, द्या तसंच. तिथंच उभा राहून प्यायलो. पुढच्या उन्हाळ्यात कळेल.